थंडीतले प्राणी आणि प्रत्येक मुलाचं एक वाक्य



मी अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये, लहान मुलांना स्पॅनिश शिकवते. आठवड्याला दोन तासिका, प्रत्येकी अर्ध्या तासाची. डिसेंबर आला की भाषेच्या वर्गातही नाताळची गाणी, सजावट, भेटवस्तू यांचेच शब्द सुरू होतात. त्यात वाईट काहीच नाही. पण माझ्या वर्गात वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतली मुलं बसतात. ज्याच्या घरी तो सण नाही, त्या मुलाने "तू सणाला काय करतोस?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? तीन आठवडे, म्हणजे सहा तासिका, ते मूल गप्प राहतं. नवी भाषा शिकताना हे फार महागात पडतं.

म्हणून या दिवसांत मी थंडीतले प्राणी शिकवते. थंडी सगळ्यांच्याच दारात येते.

तुम्ही म्हणाल, चित्रं दाखवून प्राण्यांची नावं पाठ करून घ्यायची, यात नवीन काय? नावं हवीतच, पण नुसत्या नावांनी बोलणं होत नाही, क्रियापद लागतं. मी एकच प्रश्न घेते: "के आसे एल ओसो एन इन्बिएर्नो?" अस्वल हिवाळ्यात काय करतं? उत्तरं छोटी. एल ओसो दुएर्मे, अस्वल झोपतं. ला आर्दीया गुआर्दा कोमिदा, खार खाऊ साठवते. ला मारिपोसा बुएला, फुलपाखरू उडतं. ला बायेना नादा, देवमासा पोहतो. प्रत्येक वाक्याला एक हावभाव ठरवायचा. ज्याला बोलायचा धीर नाही, तो आधी नुसता हावभाव करतो. शब्द मागून येतात.

मराठी घरातल्या मुलांना इथे एक गंमत सापडते. आपलं 'ते' अस्वल स्पॅनिशमध्ये 'तो' होतं, आणि 'तो' देवमासा 'ती' होतो! शब्दाला लिंग असतं हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

मग नकाशा काढायचा. मोनार्क फुलपाखरं कॅनडा आणि अमेरिकेतून निघून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत जातात. काहींचा प्रवास 4,000 किलोमीटरपर्यंतचा असतो. करडे देवमासे आर्क्टिककडच्या थंड समुद्रातून बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांमध्ये येतात आणि तिथे पिल्लांना जन्म देतात. म्हणजे हे प्राणी हिवाळ्यात स्पॅनिश बोलणाऱ्या देशातच मुक्कामाला असतात! मुलं लोकरीच्या धाग्याने हा रस्ता नकाशावर लावतात.

गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीने असा धागा लावला. तिच्या घरी नाताळ नसतो आणि एरवी ती वर्गात जेमतेम बोलते. धाग्याचं टोक धरून ती "नादा, नादा, नादा" म्हणत खाली मेक्सिकोपर्यंत गेली आणि तिथे थांबून तिने विचारलं, "आणि पेंग्विन?" मी अर्जेंटिनातलं पुंता तोंबो दाखवलं. तिथे मॅगेलन पेंग्विनची मोठी वसाहत आहे, आणि डिसेंबरमध्ये तिथे उन्हाळा असतो. "एस बेरानो!" वर्ग अवाक झाला. स्पॅनिश बोलणारे सगळेच आत्ता थंडीत कुडकुडत नाहीत, हे त्यांना एका पेंग्विनने शिकवलं. तिच्या त्या प्रश्नावर पुढची अख्खी तासिका गेली.

पालकांनो, हे घरीही जमतं. रात्री झोपताना फक्त विचारा, "के आसे एल ओसो?" मूल डोळे मिटून दाखवेल.

आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकांनो, तुम्ही इंग्रजी शिकवत असाल तर अस्वलाची वाट बघू नका. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, थंडीत रोहित पक्षी येतात. ते कुठून येतात, काय खातात, कधी जातात? तीन प्रश्न, तीन क्रियापदं. करून बघा आणि मुलांनी काय विचारलं ते मला जरूर कळवा.