तळोज्याहून कॅम्पात

तळोजा म्हटले की तुम्हांला कारखाने आठवतील, नाही तर तुरुंग. पण पनवेल तालुक्यातले हे गाव मुळात भातशेतीचे. औद्योगिक वसाहत आली, सिडको आली आणि खाचरे गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे या भागातले शेतकरी उभे राहिले. 1984 च्या जानेवारीत उरणकडे झालेल्या गोळीबारात पाच जण गेले. जमीन सुटणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून इथूनच एक प्रवास करून या.

तळोज्याला दिव्याची गाडी धरा. निळजे, दातिवली, मग दिवा. तिथे अंबरनाथकडची लोकल पकडून विठ्ठलवाडीच्या पुढे उल्हासनगरला उतरा. रिक्षावाला पहिला प्रश्न विचारील, ‘कोणता कॅम्प?’ पाऊणशे वर्षे होऊन गेली, तरी पत्ता कॅम्पाच्या नंबरानेच सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, दोन हजारांवर बराकी. 1947 साली फाळणी झाली आणि सिंधमधून निघालेली माणसे बोटीने, आगगाडीने येऊन या बराकींत पडली. लाखाच्या घरात होती म्हणतात. लांबलचक दालनात गोणपाटाचे, जुन्या लुगड्याचे पडदे लावायचे आणि एकेका पडद्याआड एकेक कुटुंब. आपल्याकडे लग्नघरात चार दिवस पाहुणे राहिले तर घरच्या बाईचा जीव मेटाकुटीला येतो. इथे वर्षानुवर्षे तसे काढावे लागले.

सरकारने शिधा दिला, पुढे 1954 च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाईही दिली. पण माणूस उभा राहिला तो पंचायतींमुळे. सिंधमधल्या एकेका गावच्या लोकांनी आपापली पंचायत धरली. आजारपण, मुलीचे लग्न, मयत, सगळे पंचायतीने बघायचे. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी गाडीत फिरून माल विकला. ‘निर्वासित’ हा शब्द या लोकांना लागायचा. आम्हांला ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. आपल्याकडेही धरणग्रस्ताच्या नातवाला लोक धरणग्रस्तच म्हणतात.

8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला उल्हास नदीवरून नाव मिळाले. सिंधमधल्या हैदराबादेहून आलेल्या शिक्षकांनी त्याच साली वांद्र्याला कॉलेज काढले. पुढे त्यांच्याच संस्थेने उल्हासनगरातही काढले. पोटाला पुरते नसताना शाळा-कॉलेज काढणारी माणसे!

कोल्हापूरकडच्या वाचकांना इतके लांब यायला नको. लग्नाचा बस्ता बांधायला तुम्ही गांधीनगरला जाता ना? तेही सिंध्यांनीच वसवले. त्याआधी तिथे वळिवड्याचा कॅम्प होता. 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि पोरे, त्या कॅम्पात कोल्हापूर संस्थानच्या आसऱ्याला राहिली. ती गेली आणि त्याच जागी सिंधी आले.

निघताना पापड घ्या, मिऱ्याचे. दिव्याहून तळोज्याकडची गाडी मात्र विचारून ठेवा. या मार्गावर गाड्या थोड्या आहेत, चुकली तर फलाटावर बराच वेळ बसावे लागते.