रक्ताच्या थेंबाची साक्ष

पाळीव गुराने चारा टाकला, की धन्याच्या ते लगेच ध्यानात येते. तो त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, औषधपाणी करतो. रानातील जनावराला मात्र ना धनी, ना वैद्य. त्याच्या शरीरात काय चालले आहे, हे बाहेरून कसे कळावे? त्याच्या रक्ताचा थेंबच काय तो ते सांगू शकतो. परंतु त्याचे सांगणे ऐकण्यास फार धीर लागतो.

दक्षिण आफ्रिकेतील झुलुलँड या मुलखात गुरांना ‘नागाना’ नावाचा रोग होई. गुरे हळूहळू खंगत आणि अखेर मरत. गुरे हेच झुलू लोकांचे धन. गोठा रिकामा झाला, की घराचा आधारच जाई. झुलू लोक म्हणत, “हा रोग रानातील जनावरांपासून येतो.” युरोपियन प्रवासी म्हणत, “त्सेत्से माशीच्या विषाने गुरे मरतात.”

१८९४ साली डेव्हिड ब्रूस हे लष्करी डॉक्टर या रोगाचा शोध घेण्यासाठी तेथील उबोंबो या ठिकाणी आले. त्यांच्या पत्नी मेरी त्यांना प्रत्येक कामात साहाय्य करीत. कुडाच्या झोपडीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. आजारी गुराच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहता पाहता, तांबड्या पेशींमधून वळवळत जाणारा एक परोपजीवी जंतू त्यांना दिसला. त्सेत्से माशी तो जंतू एका जनावरातून दुसऱ्यात नेते, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले.

पण माशीला हा जंतू मिळतो कोठून? ब्रूस यांनी शिकार केलेले रानरेडे, कुडू हरणे व वाइल्डबीस्ट यांचे रक्त तपासले. हे पशू तर निरोगी दिसत. त्यांच्या रक्तातील जंतू इतके विरळ, की काचपट्टीवर सहसा सापडत नसत. तेव्हा ब्रूस यांनी ते रक्त कुत्र्यांना टोचले. काही कुत्रे आजारी पडले आणि त्यांच्या रक्तात तेच जंतू दिसू लागले. झुलूंचे म्हणणे आणि प्रवाशांचे म्हणणे, दोहोंतही सत्याचा अंश होता. रानातील पशू जंतू बाळगीत आणि माशी तो गुरांपर्यंत पोचवी.

या ज्ञानाचा पुढे एक विपरीत परिणाम झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, गुरे वाचावीत म्हणून, झुलुलँडमध्ये हजारो वन्य पशू गोळ्या घालून मारण्यात आले. तरीही नागाना हटला नाही. अखेर १९४५ नंतर विमानांतून कीटकनाशक फवारून माशीलाच आवर घालण्यात आला.

आज रक्तासाठी पशूला मारावे लागत नाही. भुलीचा बाण मारून रानरेड्याला निजवतात, शिरेतून थोडे रक्त घेतात आणि त्याला पुन्हा उभे करतात. ते रक्त यंत्रात वेगाने फिरवले, की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि त्यांच्यावरील पातळ थरात जंतू गोळा होतात. जंतू अगदी थोडे असले, तर त्यांचा डीएनए ओळखणारी चाचणी त्यांचा माग काढते.

रक्ताचा थेंब खरी साक्ष देतो. जंतू कोठे दडला आहे, एवढे तो सांगतो. त्यासाठी रानरेड्याला अपराधी ठरवावे, असे तो कधीच म्हणाला नव्हता. तो निवाडा माणसांनी केला होता. साक्ष ऐकताना धीर हवा, तसा निवाडा करतानाही तो हवा.