मधलंच एक पान

चौथा शनिवार असल्याने बँकेला सुट्टी होती. वडोदऱ्यातल्या त्या मराठी घरात दुपारची झाकपाक आटोपली आणि आईने लेकीचे दप्तर धुवायला काढले. वह्या, कंपासपेटी, अर्धवट खाल्लेल्या थेपल्यांचा डबा आणि सगळ्यात तळाशी वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एक इंग्रजी पुस्तक. आत शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का होता, म्हणजे काळजीचे कारण नव्हते. तरी आईने ते सहज मधूनच उघडले आणि उभ्या उभ्या दोन पाने वाचली. एक पार्टी, बिअर, अंधार, एक मोठा मुलगा आणि शाळकरी मुलगी. पुढचे तिला वाचवेना. लेक चौदा वर्षांची, नववीत शिकणारी. तिच्या हातात हे असले पुस्तक, आणि तेही शाळेने दिलेले!

लेक मैत्रिणीकडे गेली होती. ती परत येईपर्यंत आईने मुख्याध्यापिकांना लिहायच्या पत्राचा मसुदा तयारही केला. 'अशी पुस्तके ग्रंथालयातून ताबडतोब काढून टाकावीत' हे शेवटचे वाक्य लिहिले आणि सही करताना मात्र तिचा हात थांबला. सवयच तशी होती. बँकेत कर्जाची फाइल शेवटच्या कागदापर्यंत वाचल्याशिवाय तिने आजवर कधी सही केली नव्हती. हाताखालच्या नव्या मुलांना ती नेहमी बजावायची, "मधला एक कागद बघून मत बनवू नका." आणि इथे तर दोनशे पानांच्या पुस्तकातली दोनच पाने तिने पाहिली होती.

तक्रार करायची तर पूर्ण माहितीनिशी करावी, असे ठरवून त्या रात्री ती पुस्तक घेऊन बसली.

पुस्तकाचे नाव होते 'स्पीक', म्हणजे 'बोल'. अमेरिकन लेखिका लॉरी हाल्स अँडरसन यांची ही कादंबरी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका मेलिंडा, नववीत नुकतीच दाखल झालेली. सुट्टीतल्या एका पार्टीत तिने पोलिसांना फोन केला, पार्टी उधळली गेली आणि म्हणून सगळी शाळा तिच्यावर चिडून आहे. जिवाभावाची मैत्रीणही बोलत नाही. फोन का केला, हे कुणी विचारत नाही आणि तिलाही सांगता येत नाही. त्या रात्री तिच्यावर बलात्कार झालेला असतो. ती हळूहळू बोलणेच बंद करते. शाळेतल्या एका अडगळीच्या खोलीत लपून बसू लागते. मार्क घसरतात, त्यावरून घरी बोलणी बसतात.

घरातली मोठी माणसे कामात बुडालेली. आईवडील आणि मुलगी एकमेकांशी बोलतात ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेल्या चिठ्ठ्यांमधून. या ठिकाणी आईने पुस्तक उलटे ठेवले आणि पाणी प्यायला उठली. फ्रीजवर तिच्याच हातची चिठ्ठी चुंबकाने अडकवलेली होती, 'भाजी डब्यात आहे. दूध तापव. क्लासला वेळेवर जा.' तिच्या खाली कालची, तिच्या खाली परवाची.

रात्री दीड वाजता पुस्तक संपले. जी दोन पाने वाचून ती हादरली होती, ती आता तिने पुन्हा वाचली. पाने तीच होती, पण अर्थ अगदी वेगळा लागला. त्यात चाळवणारे काहीच नव्हते. पुस्तकाचा बराच भाग जी मुलगी जे सांगू शकत नाही, ते ती तिथे प्रथमच स्वतःशी कबूल करते. शेवटी तोच मुलगा तिला त्या खोलीत पुन्हा गाठतो, तेव्हा ती ओरडते. तिचे 'नाही' सगळ्या शाळेला ऐकू जाते.

सकाळी चहाच्या वेळी तिने सासूबाईंना सगळे सांगितले. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. जन्म वडोदऱ्यातलाच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, त्या घडीवर वाढलेल्या पिढ्यांपैकी त्या एक. वाचनालयातून आणलेली पुस्तके त्या लहानपणी गोधडीत लपवून वाचत, कारण कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात, असे घरातल्या आत्याबाईंचे ठाम मत होते.

"मी तेराव्या वर्षी यमूची गोष्ट वाचली," सासूबाई म्हणाल्या. "हरिभाऊ आपट्यांची. त्यात तिचं केशवपन करतात, तो भाग आहे. आत्याबाईंनी तेवढंच वाचलं असतं, तर पुस्तक चुलीत गेलं असतं. पण मी सगळं वाचलं. त्या पोरीचं काय काय झालं, ते तिच्याच तोंडून ऐकलं. मग आमच्या वाड्यातल्या लाल अलवणातल्या मावशींकडे बघायची माझी नजरच बदलली. तोवर मी त्यांना नुसती भ्यायचे."

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या पत्रातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा किशोरवयीन वाचकांसाठी वेगळी कादंबरी असते ही कल्पनाही कुणाला नव्हती. पण एका मुलीने आपली हकिगत आपल्या तोंडाने सांगावी आणि घरच्यांना जे दिसत नाही ते वाचकाला दिसावे, हे त्या पुस्तकात होते. त्याच्या नावातच तो प्रश्न होता.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आई शाळेत गेली. पत्र पर्समध्ये होते, पण ती मुख्याध्यापिकांकडे न जाता आधी ग्रंथालयात शिरली. ग्रंथपाल मॅडम गुजराती होत्या, पण वडोदऱ्यात जन्म गेल्यामुळे मराठी अगदी सफाईदार बोलत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "पुस्तक पूर्ण वाचलंत?"

"हो."

"मग बसा. न वाचता येणारे पालकच जास्त असतात."

अमेरिकेत किशोरांच्या कादंबऱ्यांचा वेगळा कप्पा कसा तयार झाला, हे त्यांनी सांगितले. एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असतानाच 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली. आपल्या आजूबाजूच्या मुलांचे खरे आयुष्य कुठल्या पुस्तकात सापडत नाही, ही तिची तक्रार होती. १९६७ मध्ये ते पुस्तक आले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १९७५ मध्ये ज्युडी ब्लूम यांची 'फॉरएव्हर' आली आणि तेव्हापासून अशा पुस्तकांवरून पालक आणि ग्रंथालये यांच्यात खटके उडत आले. 'स्पीक'वरही अनेक शाळांत हरकती घेतल्या गेल्या. दुसरीकडे, किशोर साहित्यासाठी तिथल्या ग्रंथालय संघटनेने सुरू केलेल्या प्रिंट्झ पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, २००० मध्ये, तिचा गौरवही झाला. आपल्यावर तेराव्या वर्षी असाच प्रसंग ओढवला होता, हे लेखिकेने पुढे २०१९ च्या 'शाउट' या पुस्तकात लिहिले.

"पण पुरस्कार बघून मी पुस्तक घेत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी एक जुनी वही पुढे केली. त्यात प्रत्येक पुस्तकासाठी त्यांनी स्वतःला विचारलेले प्रश्न होते.

पहिला प्रश्न, बोलतंय कोण? मूल बोलतंय, की मुलाचा गणवेश घातलेला मोठा माणूस उपदेश करतोय? या ठिकाणी त्यांनी प्रकाश नारायण संतांच्या लंपनचे नाव लिहिले होते. 'वनवास' मराठीतून वाचून त्यांना तो मुलगा ओळखीचा वाटला होता. मिलिंद बोकील यांची 'शाळा'ही होती. नववीतल्या मुकुंदाच्या मनातली घालमेल आणि बाहेर आणीबाणी, दोन्ही त्या मुलाच्याच डोळ्यांनी दिसतात.

दुसरा प्रश्न, पुस्तकातले दुःख कशासाठी आहे? गोष्टीची गरज म्हणून, की धक्का देऊन खप वाढवायला? पारो आनंद यांच्या 'नो गन्स ॲट माय सन्स फ्युनरल' या २००५ च्या कादंबरीत काश्मीरमधला एक मुलगा दहशतवाद्यांच्या नादी लागतो. हिंसा आहे, पण तिची चटक लागावी अशी नाही. तिसरा, मोठी माणसे कशी आहेत? सगळीच खलनायक असतील तर पुस्तक खोटे, सगळीच देवमाणसे असतील तरीही खोटे. 'स्पीक'मध्ये आईवडिलांना दिसत नाही, पण चित्रकलेच्या सरांना थोडेसे दिसते. चौथा, हे पुस्तक कुठल्या वयाला? चांगले पुस्तक आणि आत्ता या मुलीच्या हाती द्यायचे पुस्तक, हे दोन वेगळे प्रश्न. 'स्पीक' त्या नववीच्या खाली देत नसत.

आणि शेवटचा प्रश्न, पुस्तक मिटल्यावर मूल काय चालवून घ्यायला शिकलेले असेल?

"तुमच्या लेकीच्या वाढदिवसाला तुम्ही कुठलं पुस्तक दिलंत?" मॅडमनी विचारले.

"ट्वायलाइट," आई म्हणाली. २००५ मध्ये आलेली स्टेफनी मेयर यांची ती लोकप्रिय कादंबरी. तिने मुद्दाम चौकशी करून, 'त्यात वावगं काही नाही' अशी खात्री करून घेतली होती.

"त्यातला नायक रात्री तिच्या खोलीत येऊन, तिच्या नकळत, तिला झोपलेली बघत राहतो. पुस्तक त्याला प्रेम म्हणतं. त्यावर मात्र कधी कुठल्या पालकाचं पत्र आलं नाही."

आईला उत्तर सुचले नाही. पत्र पर्समध्येच राहिले.

त्या संध्याकाळी तिने पुस्तक लेकीसमोर ठेवले. लेकीचा चेहरा उतरला. "मी वाचलं," आई म्हणाली, "पूर्ण. मला एक सांग, मेलिंडा आईला का नाही गं सांगत?"

लेक बराच वेळ कव्हरचा कोपरा मुडपत राहिली. मग म्हणाली, "तिची आई मार्कांबद्दलच विचारते ना."

तेवढ्यावर ते बोलणे थांबले. आईनेही ताणले नाही. मग मंगळवार आला आणि लेकीच्या पोटात दुखू लागले. गेले दोन महिने मंगळवारी आणि गुरुवारी, नेमक्या क्लासच्या दिवशी, तिचे पोट दुखत होते. ओवा देऊन झाला होता, डॉक्टर झाले होते, 'अभ्यास टाळायची नाटकं' म्हणूनही झाले होते. या वेळी आई नुसती शेजारी जाऊन बसली.

मग ते बाहेर पडले. क्लासच्या जिन्यात बारावीचा एक मुलगा उभा राहायचा. क्लास सुटला की तिच्या सायकलमागून कोपऱ्यापर्यंत यायचा. हात लावला नव्हता, बोलला नव्हता. मैत्रिणी म्हणायच्या, तुला लाइन मारतोय, किती छान!

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू क्लास बंद केला असतास. आणि सायकलही."

आईने प्रामाणिकपणे स्वतःला विचारले, तेव्हा उत्तर 'हो' असेच आले. शनिवारी दुपारी पुस्तकाचे जे करायला ती निघाली होती, तेच तिने लेकीच्या सायकलचे केले असते.

दुसऱ्या दिवशी आईवडील दोघेही क्लासच्या संचालकांना भेटले. अल्पवयीन मुलीचा वाईट हेतूने वारंवार पाठलाग करणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, हे वडिलांनी आवाज न चढवता सांगितले. त्या मुलाच्या पालकांना बोलावून घेण्यात आले. पाठलाग थांबला. क्लास चालू राहिला, सायकलही. पोटदुखी मात्र लगेच गेली नाही, आणखी दोन आठवडे अधूनमधून राहिली.

'ट्वायलाइट' आता घरात ठेवायचे की नाही, हा प्रश्न आईने काढला तेव्हा लेकच हसली. "राहू दे ना. मला आवडतं ते. पण तो खिडकीतून येतो, ते मला आता विचित्र वाटतं." मग तिने एक मजा सांगितली. २००४ च्या 'स्पीक' चित्रपटात मेलिंडा झालेली क्रिस्टन स्ट्युअर्टच २००८ मध्ये 'ट्वायलाइट'ची नायिका झाली. दोन्ही पुस्तके आता एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी आहेत.

आजींना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून दुपारी शाळेतून आल्यावर नात त्यांना 'स्पीक' मराठीतून सांगते, रोज थोडे थोडे. परवा गोष्ट संपली. शेवटी मेलिंडा चित्रकलेच्या सरांना सगळे सांगू लागते, इथपर्यंत नातीने आणून सोडले.

"सरांना?" आजी म्हणाल्या. "म्हणजे आईला सांगायचं राहिलंच की!"

"पुस्तक तिथंच संपतं, आजी."

फ्रीजवर अजून चिठ्ठ्या असतात. बँकेची वेळ काही बदललेली नाही. फक्त आई घरी आली की आधी मार्कांचे विचारत नाही.