पेंटरशी दोन हात

सिव्हिलला ॲडमिशन घेण्याचा एक तोटा कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागायच्या आतच घरचे आपल्याला इंजिनिअर समजायला लागतात. नळ गळला, स्लॅब ठिबकला, शेजाऱ्याने कुंपण दोन इंच आत घेतलं, की "विचारा आमच्या इंजिनिअरला!" आणि आपल्याला तर अजून ड्रॉइंगची शीट वेळेवर सबमिट करता येत नसते. २०२२ साली मी सेकंड इयरला असताना याच मोठेपणापायी एका माणसावर अन्याय करून बसलो. त्याची ही गोष्ट.

जुलै २०२२ मध्ये चंद्रपूरला पूर आला. वर्धा नदी भरून वाहू लागली की इरईच्या पाण्याला पुढे जायला जागा राहत नाही, ते मागे फुगतं. त्यात धरणाचे दरवाजे उघडलेले. नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यात आमचंही घर होतं. दोन दिवस आम्ही काकांच्या घरी काढले. परत आलो तेव्हा प्रत्येक खोलीत कमरेच्या उंचीवर गाळाची एक सरळ रेघ होती. इतकी सरळ, की सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला मला कधी तशी जमली नाही!

नोव्हेंबरच्या शेवटी ताईचं लग्न होतं, त्यामुळे घर रंगवणं भाग होतं. बाबांनी सिंदेवाहीकडचे एक पेंटरकाका बोलावले आणि त्यांच्याशी बोलायचं काम अर्थातच 'इंजिनिअर'कडे आलं.

पहिली चकमक मोजमापावरून झाली. मी टेप लावून भिंतींचं क्षेत्रफळ काढलं आणि ऐटीत सगळी दारं-खिडक्या वजा केली. काकांनी कागद पाहिला आणि शांतपणे विचारलं, "मंग खिडकीच्या आतल्या कडा कोन रंगवते जी? तुमी?" मला वाटलं, हा माणूस मोजमाप फुगवतोय. पुढे एस्टिमेटिंगला आयएस १२०० वाचलं. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावटच नाही, आणि त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची, कारण कडांचं काम धरायचं असतं. म्हणजे काका कोड न वाचताच कोडप्रमाणे बोलत होते.

दुसरी चकमक खरी महत्त्वाची. काकांनी भिंतीवर तळहात ठेवला, बोटाच्या पेरांनी दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "सायेब, भित ओली हाये. वरून कोरडी दिसते, पन अंदर पानी हाये. खालचे तीन फूट आता रंगवू नोका. उन्हारा लागू द्या, मंग पाहू."

आता होस्टेलवर मला एक ज्ञान मिळालेलं होतं. पुट्टीच्या आणि रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन असतं, म्हणून ते महागडा माल गळ्यात मारतात, असं रूमपार्टनरने सांगितलं होतं. मी त्यासाठी टपूनच बसलो होतो. पण हे काका उलट पुट्टी नको, प्लास्टिक पेंट नको म्हणत होते! त्यात लबाडी सापडेना, तेव्हा मी दुसरी शोधली. हा माणूस काम टाळतोय.

बाबा म्हणाले, "लग्नघराच्या भिंती खालून उघड्या ठेवायच्या का?" मीही बाबांच्या सुरात सूर मिसळला. "काका, डॅम्पप्रूफ प्रायमर मारा, वरून पुट्टी आणि रंगाचे दोन हात. काही होत नाही." काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "तुमचं घर हाये जी," एवढंच म्हणाले.

मजुरी बावीस हजार ठरली, त्यातले आठ हजार आगाऊ दिले. काम निम्म्यावर आलं आणि काका गायब! चार दिवस फोन बंद. घरात मांडववाला, आचारी, पाहुणे आणि अर्धवट घासलेल्या भिंती. "ॲडव्हान्स घेऊन पळाला," असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं. पाचव्या दिवशी काका आले, पोरालाही सोबत आणलं आणि लग्नाच्या आदल्या रात्री अकरा वाजता शेवटचा हात मारून गेले. पाच हजार बाकी राहिले. ते "लग्नानंतर पाहू" म्हणून राहिलेच.

जानेवारीत हॉलच्या भिंतीला फोड आले. मग पोपडे सुटू लागले, खाली पांढरी पूड पडू लागली. आणि हे सगळं बरोबर खालच्या तीन फुटांत. मी तावातावाने फोन लावला. "काका, रंगात पाणी घातलं तुम्ही! आता उरलेले पैसे विसरा." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नव्हता. मग "ठेवा जी," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

त्याच महिन्यात वर्गात सरांनी फळ्यावर विटेच्या भिंतीचा छेद काढला. भिजलेली भिंत आतून सुकताना पाणी पृष्ठभागाकडे येतं, येताना विटांतले आणि प्लास्टरमधले क्षार विरघळवून आणतं. वर रंगाचा बंद पापुद्रा असला की पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. मग क्षारांचे स्फटिक पापुद्र्याच्या मागेच धरतात आणि त्याला ढकलून पाडतात. आजी ज्याला 'भिंतीला लोणा लागला' म्हणते, तेच हे. मी वहीत आकृती काढली, पण हात थरथरत होता.

शनिवारी घरी गेलो. पॉलिथिनचा फूटभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते. पूर ओसरून सहा महिने झाले होते! बाबांनी ते थेंब पाहिले, काही न बोलता कपाट उघडलं आणि पाच हजार माझ्या हातावर ठेवले. तेवढ्यात आईला आठवलं, "अगं बाई, ते सांगून गेले होते रे मला, धान कापायला चाललो म्हणून. लग्नाच्या गडबडीत विसरलेच मी."

मी चांदा फोर्टवरून गोंदियाची गाडी पकडली आणि सिंदेवाहीला उतरलो. काका गावच्या चौकात सापडले. झाडीपट्टीत दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. गावच्या नाटकासाठी ते पडद्यावर राजवाडा रंगवत होते. असे खांब, अशी सावली, की मी पाहतच राहिलो. आणि याच माणसाला मी 'डॅम्पप्रूफ' शिकवत होतो.

माफी मागताना मला शब्द सापडेनात. काकांनी पैसे घेतले, नीट मोजले, खिशात ठेवले. म्हणाले, "पैशाचं नाही जी. तुमी पानी घातलं म्हनाले, ते लागलं. पानी होतं ना जी, पन भितीत."

एप्रिलमध्ये ते स्वतःहून आले. खालचं तीन फूट प्लास्टर काढलं आणि विटा दीड महिना तशाच उघड्या ठेवल्या. चंद्रपूरच्या उन्हाचा आमच्या घराला एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला! जूनमध्ये चुना मिसळलेलं प्लास्टर झालं. मग राजूरच्या भट्टीची चुनकळी ड्रममध्ये खदखदली आणि भिंतीला साध्या चुन्याचे दोन हात बसले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, पण ओलीला बाहेर पडायला वाट ठेवतो. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "असन जी."

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरून "पेंटर बघ" असा फोन येईलच. मोजमाप दोघांनी मिळून करा. रंगाचे हात किती, माल कोणाचा, पैशाचे हप्ते कधी, आणि शेतीसाठी किती दिवस सुट्टी, हे कागदावर लिहा. पण त्याआधी पॉलिथिन चिकटवा. आणि पेंटर "थांबा" म्हणाला, तर त्याला कारण विचारा.

आमच्या घरी खालचे तीन फूट अजून चुन्याचेच आहेत. पाहुण्यांना ते नवीन डिझाइन वाटतं. "कोणी सुचवलं?" असं विचारलं, की बाबा माझ्याकडे बघतात आणि मी काकांचा फोन नंबर देतो.