भिंतीवरचा ट्रम्पेट

मेरठला एका नातलगाच्या वलीम्यासाठी निघालो होतो. वाटेत दिल्लीत एक मुक्काम पडला. भाचा शाळेच्या बँडमध्ये आहे. ‘मामू, येताना ट्रम्पेट आणा,’ असा त्याने हट्ट धरला होता. दिल्लीच्या बाजारात सोन्यासारखा चकाकणारा एक छोटा ट्रम्पेट दिसला. किंमत नऊशे रुपये. ‘वाजतो ना?’ मी विचारले. ‘का नाही वाजणार!’ दुकानदार म्हणाला. मी घेतला.

मेरठ दिल्लीपासून साधारण सत्तर किलोमीटर. १० मे १८५७ रोजी उठावाची ठिणगी पडली ती याच छावणीच्या गावात. छावणी म्हटली की फौजेचे बँड आले. त्याच बँडमधले नादिर अली यांनी १८८५ मध्ये इथे वाद्यांचा व्यवसाय सुरू केला. आज लग्नाच्या वरातींत वाजणारी कितीतरी पितळी वाद्ये मेरठच्या जालीकोठी भागात घडतात. कारागीर बहुतेक आपलेच मुस्लिम बांधव.

वलीमा आटोपून मी तिथे गेलो. गल्लीत हातोड्यांची ठकठक चालू होती. पितळी पत्रा कापून, गुंडाळून, सांधा जोडून, ठोकून ट्रम्पेटचे तोंड आकाराला येत होते. नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात आधी डांबर किंवा शिसे भरतात, असे समजले.

एका वृद्ध कारागिराला मी पिशवीतला ट्रम्पेट दाखवला. चाचांनी कळा दाबल्या. एक खाली गेली ती वर आलीच नाही. त्यांनी फुंकले, तर हवा सांध्यांतून फुसकन निघून गेली.

‘बेटा, हा भिंतीवर टांगायचा आहे. खऱ्या ट्रम्पेटची नळी उलगडली तर जवळजवळ पाच फूट भरते. छोटा ट्रम्पेट असला तरी नळी तेवढीच, फक्त जास्त वेटोळी. यात ती निम्मीही नाही. सूर कुठून येणार?’

‘मग असा बनवतात कशाला?’

‘व्यापारी स्वस्त मागतो. कारागिराला नगावर मजुरी मिळते. घरात चूल पेटायला हवी ना.’ मग थांबून म्हणाले, ‘नऊशे रुपयांचे सोडा. पोरगा रोज फुंकेल, सूर येणार नाही, आणि त्याला वाटेल, आपल्यालाच जमत नाही.’

हे मात्र माझ्या मनाला लागले.

वाद्यांबाबत आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. इथे विषय व्यवहाराचा आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. शोभेची वस्तू विकण्यात काही वावगे नाही. ती शोभेची आहे, हे सांगून विकावी. नाहीतर बदनामी होते ती उन्हातान्हात पितळ ठोकणाऱ्या कारागिराची.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. कळा सहज खाली-वर होतात का, नळ्या सरकतात का, हे पाहावे. जाणकाराकडून सगळे सूर वाजवून घ्यावेत.

चाचांनी दुरुस्त केलेला एक जुना ट्रम्पेट मी विकत घेतला. त्याला चकाकी नाही, एक पोचाही आहे. पण पैसे घेण्याआधी त्यांनी तो स्वतः वाजवून दाखवला आणि पोचा कुठे आहे, तेही बोट ठेवून सांगितले.