वायरच्या टोकाची पारख

संत्र्याच्या बागेतला पंप बंद पडला की मिस्त्री आधी वायरचे टोक पाहतो. पुष्कळदा मोटार धड असते; थिंबल ढिले राहिल्याने वायर तिथेच जळून काळी पडलेली असते. गाडीत अशी शेकडो टोके असतात. आमची भाची चाकणच्या एका कारखान्यात हीच टोके तपासते. दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षे वायरमनचा ट्रेड केला, मग तिकडे गेली. वाचक भगिनींनो, "तारा जोडते" असे म्हणून आमच्या मोहल्ल्यात हे काम हलके समजले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या जोडाला डाग देत नाहीत. मशीन टर्मिनलच्या पाकळ्या वायरवर दाबते. पुढची पकड उघड्या तांब्यावर, मागची प्लास्टिकच्या आवरणावर. दाब कमी पडला तर रोध वाढतो, जागा तापते. जास्त पडला तर आतल्या बारीक तारा तुटतात, आणि फसवणूक अशी की बाहेरून तो जोड अधिकच घट्ट दिसतो. म्हणून नुसत्या नजरेवर भागत नाही. भाची भिंगातून पाहते: एखादी तार बाहेर राहिली का, आवरण तांब्याच्या पकडीत शिरले का. मग टोकदार मायक्रोमीटरने पकडीची उंची मोजते. सूट साधारण 0.05 मिलिमीटर इकडे-तिकडे, बस. शेवटी काही नमुने मशीनवर ओढून किती जोरावर सुटतात ते लिहिते. ओढलेला नमुना भंगारात जातो, म्हणून सगळे ओढता येत नाहीत. (आमच्या परीक्षेत निदान विद्यार्थी शिल्लक राहतो!)

गेल्या रमजानमध्ये रात्रपाळीत उंची हळूहळू वाढत चालली. तिने लाल पट्टी लावून मशीन थांबवले. सुपरवायझर म्हणाला, "गाडी भरायची आहे, सही कर." तिने केली नाही. सहरीच्या वेळी फोन आला. तिचे अब्बा घाबरले, "बेटा, नोकरी जाईल." आम्ही फोन घेतला तर ती म्हणाली, "खाला, सही माझी आहे, आणि गाडीत कोण बसणार ते मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी साचा बदलला, तो लॉट कापून टाकला. पाळी मात्र महिनाभर रात्रीचीच राहिली. का, ते कोणी सांगितले नाही.

ईदनंतर तिला पाहायला अकोल्याचे पाहुणे येणार आहेत. "मुलगी कंपनीत आहे, एवढेच सांगा," असे तिच्या अम्मीचे म्हणणे. भाचीने कळवले आहे की येताना दोन टर्मिनल आणते, एक पास, एक नापास. ओळखतात का बघू.