टाकीतलं प्रवाळ मिटलं तेव्हा

आज कपाशीचं नाही, संत्र्याचंही नाही. समुद्रातल्या प्रवाळाचं लिहितो. हसू नका, शेवटी आपण विहिरीवरच येणार आहोत.

माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. घरात काचेची मोठी टाकी, त्यात खाऱ्या पाण्याचे मासे अन् मऊ प्रवाळ. त्यातलं एक भुईछत्रीसारखं, चामड्यासारख्या अंगाचं. तिकडे त्याला लेदर कोरल म्हणतात. प्रवाळ हे झाड नाही, प्राणी आहे. छत्रीवर बारीक फुलांसारखे पॉलिप असतात, एकेकाला आठ बोटं. अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करून प्रवाळाला देतं. तुरीच्या मुळावरच्या गाठींचा अन् तुरीचा जसा संसार, तसाच.

जानेवारीत त्याचा व्हिडिओ कॉल आला. “काकाजी, दहा दिवस झाले, हे उघडूनच नाही राहिलं.” पाहतो तर छत्री गुळगुळीत, पॉलिप सगळे आत ओढलेले. महागाची वस्तू, त्यात लेकीचा जीव अडकलेला. दुकानातून एक औषधाची बाटली आणली होती, टाकू का म्हणे. म्हटलं, “कायले टाकतं बापू? आधी काय काय बदललं ते सांग.”

लेदर कोरल मधूनमधून स्वतःहून मिटतं, हे पहिलं. अंगावर मेणचट पापुद्रा येतो, काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे तसंच राहतं. पापुद्रा गळाला की उघडतं. सापानं कात टाकावी तसं. तेव्हा औषध नको, फक्त पाण्याचा प्रवाह अंगावरून फिरत राहिला पाहिजे. पण याच्या टाकीत पापुद्रा नव्हता, अन् शेजारचं दुसऱ्या जातीचं प्रवाळही मिटलं होतं. वावरात एक झाड सुकलं तर आपण त्या झाडाचं मूळ पाहतो, सगळं तास सुकलं तर पाणी पाहतो. इथंही तेच.

रंग विचारला. तपकिरी होता, पांढरा पडला नव्हता. हा फरक मोठा आहे. पाणी फार तापलं की प्रवाळ आतलं शेवाळच बाहेर टाकतं अन् पांढरं पडतं. 1998 साली जगभरच्या समुद्रांत असं झालं होतं. नुसतं मिटलेलं प्रवाळ म्हणजे दार लावून बसलेला माणूस. घर अजून शाबूत आहे.

मग मीठ. समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, टाकीवाले विशिष्ट घनता 1.025-1.026 धरतात. याचं काट्याचं साधन 1.025 दाखवत होतं. म्हटलं, काटा साफ आहे का? काट्यावर मिठाचा थर बसला की तो जड होतो अन् आकडा कमी दाखवतो. संत्र्याची गोडी पाहायला आपण ब्रिक्स मीटर वापरतो ना, त्याच जातीचं मिठाची पट्टी असलेलं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं. ते 35 च्या प्रमाणित द्रावणानं तपासून घेतलं अन् टाकीचं पाणी पाहिलं. निघालं 1.030.

कारण साधं होतं. थंडीत तिकडे घरात हीटर चालतो, हवा कोरडी, टाकीचं पाणी लवकर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागं राहतं. हा कमी झालेल्या पाण्याच्या जागी मीठ कालवलेलं पाणीच भरत होता. उडालेल्याची भरपाई आरओच्या गोड पाण्यानं करायची असते. दर्यापूर, अकोटकडच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. खाऱ्या विहिरीचं पाणी देत गेलं की ऊन पाणी नेतं अन् क्षार जमिनीत ठेवून जातं.

उतरवायचं ते सावकाश. दिवसाला 0.001 च्या वर नाही, नाहीतर प्रवाळाला उलटाच झटका बसतो. पाच दिवस थोडं थोडं पाणी बदललं. तेवढे दिवस दुसरं काहीच करायचं नाही, दिवा हलवायचा नाही, खाद्य बदलायचं नाही, असं बजावलं. दोन गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाचा आला ते कोणालाच कळत नाही.

मीठ बरोबर निघालं असतं तर पुढचा शोध होता. नवा प्रखर दिवा, रात्री टॉर्च लावून मासा किंवा गोगलगाय कुरतडते का ते, अन् पाण्यात तांबं. आपलं बोर्डो मिश्रण बुरशीला मारतं, तसं थोडंसं तांबं प्रवाळाला पुरतं. शिवाय मऊ प्रवाळ शेजाऱ्याला दाबायला पाण्यात विषारी द्रव्यं सोडतात, आपल्या गाजरगवतासारखे. त्याला सक्रिय कोळशाची पिशवी चालते.

नवव्या दिवशी कडेचे पॉलिप बाहेर आले. मधला भाग अजून अर्धा मिटलेला आहे. बाटली सीलबंद आहे.

पोट्टे विचारतील म्हणून सांगतो, इकडे हा शौक करू नका. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालवणला जाल तर पाण्यात उतरून पाहा, तिथं 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तुकडा खिशात घालू नका.

आता विहीर. रविवारी सकाळी मी ईसी मीटर घेऊन घरीच आहे. ज्याला पाणी तपासायचं त्यानं मोटार पंधरा-वीस मिनिटं चालू द्यावी, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळून भरावी अन् वर नाव लिहावं. औषधाची रिकामी बाटली आणू नका. 2.25 डेसिसायमनच्या वर आकडा गेला तर पाणी फार खारं. खारपाणपट्ट्यातल्यांनी नुसत्या ईसीवर थांबू नये, सोडियमसाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावाच लागतो.